मुक्काम सी ड्राइव्ह

दुपारी जेवणानंतरची झोप टाळायला म्हणून पीसीसमोर बसलो. डावीकडे पेजमेकर, छपाईची पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर. उजवीकडे लिबर ऑफिस, वर्डसारखंच. पेजमेकर विंडोजचा, मशीनवर मात्र विंडोजऐवजी उबंटू, म्हणजे लिनक्सचाच एक अवतार. डावीकडून 'मराठी' एवढा एकच शब्द कॉपी केला आणि उजवीकडे टाकला, तर उमटलं काय? ई, जे, के, बी, एच. चक्क रोमन लिपीत. कृतिदेव या जुन्या देवनागरी फाँटवर हात बसलेल्यांना यात नवल वाटणार नाही. त्या फाँटने इंग्रजी अक्षरांना वरून मराठी सदरा चढवलेला असतो, सदरा काढला की आत तीच!

या दोघांना शेजारी बसवायचा उद्योग 'वाइन' नावाच्या प्रोग्रॅमचा. हे काम 1993 मध्ये सुरू झालं आणि त्याची 1.0 आवृत्ती यायला 2008 उजाडलं. इतकी वर्षं 'होतंच आलंय' म्हणत राहणाऱ्या माणसांबद्दल मला उगाच आपुलकी वाटते. आत विंडोज नसतंच. पेजमेकरने विंडोजकडे काही मागितलं की वाइन ते गुपचूप लिनक्सकडून आणून देतं. पेजमेकरला वाटतं आपण सी ड्राइव्हवर राहतो. तो सी ड्राइव्ह म्हणजे माझ्या होम फोल्डरमधल्या एका लपवलेल्या फोल्डरातला कोपरा. झेड ड्राइव्ह उघडला तर अख्खं लिनक्स समोर दिसेल, पण तो कशाला बघतोय तिकडे? व्हर्च्युअलबॉक्स नावाच्या प्रोग्रॅममध्ये खरंखुरं विंडोज एक्सपी चालवता येतं, 'सीमलेस' केलं की त्याच्या खिडक्या आपल्या खिडक्यांत मिसळूनही जातात. पण एका फाइलसाठी संगणकाच्या पोटात दुसरा संगणक थाटायचा मला कंटाळा.

माझी खरी कुरकुर वेगळीच आहे. खिडकी बंद करायची फुली उबंटूने 2010 मध्ये डावीकडे नेली आणि 2017 मध्ये परत उजवीकडे आणली. माझा हात अजून आधी डावीकडेच जातो.

शाळेत होतो तेव्हा गावात डीटीपीचं एकच दुकान होतं. चपला बाहेर काढायच्या, कारण आत कॉम्प्युटर. गावात तेव्हा एसी बहुधा तिथेच, त्यामुळे पत्रिका कुणाचीही असो, मी बाबांच्या मागे हजर. काकांकडे 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' आधीच लावून ठेवलेलं असायचं, नुसती नावं बदलायची. मॉनिटरच्या कडेला सेलोटेपने चिकटवलेला एक पिवळट कागद होता, त्यावर आकडेच आकडे. एखादं जोडाक्षर अडलं की काका त्या कागदाकडे न बघताच ऑल्ट दाबून धरायचे, उजव्या हाताने चार आकडे मारायचे, आणि पडद्यावर अक्षर हजर. बाबा मागून म्हणायचे, "अहो, वेलांटी दीर्घ." काका मान न वळवता म्हणायचे, "गुरुजी, मुलीकडच्यांनी ऱ्हस्वच लिहून दिलीय." मग दोघांची जुंपायची, आणि मला तेवढाच गारवा जास्त मिळायचा.

बाबांनी पुढे जे काही लिहिलं, ते सगळं त्याच दुकानात टाइप झालं. त्या फाइली आता माझ्याकडे आहेत. त्यांचं युनिकोड, म्हणजे कुठेही उमटणारी मराठी, करून देणारे कन्व्हर्टर आहेत, नाही असं नाही. पण कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये बरोबर उलटं. त्यामुळे रफार कधीकधी भलत्याच अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो, आणि मग ओळ न् ओळ वाचत बसावं लागतं. बाबांचं वाक्य आणि रफार चुकीचा, हे काही मला चालणार नाही.

"एकदाचं सगळं युनिकोडमध्ये करून टाका ना," मुलगी म्हणते.

करू. दिवाळी होऊ दे.