फुकटात ऑपरेशन्स रिसर्च शिकताना: माझा अनुभव

ऑपरेशन्स रिसर्च, म्हणजेच ओआर (मर्यादित साधनांत सर्वांत चांगला निर्णय गणिताने काढण्याचं शास्त्र), एक पैसा न देता नीट शिकता येतं. मात्र एकाच अभ्यासक्रमाकडून सगळं मागायचं नाही. मी व्याख्यानं एनपीटेलची घेतली, पायाचं गणित एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या ओपनकोर्सवेअर या मोफत संकेतस्थळावरून केलं आणि आकडेमोड पायथनमधल्या मोफत सॉल्व्हरवर, म्हणजे अशी गणितं सोडवणाऱ्या प्रणालीवर, तपासली. एनपीटेलवर परीक्षा आहे, पण गृहपाठ बहुपर्यायी आणि आटोपशीर. एमआयटीकडे उत्तरांसकट दणदणीत गृहपाठ आहेत, पण ते तपासणारं कुणी नाही. सॉल्व्हर उत्तर लगेच देतो, का ते सांगत नाही. तिन्ही एकत्र आले की विषय हाती लागतो.

एनपीटेल हा सात आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीचा २००३ पासूनचा उपक्रम. त्याचे अभ्यासक्रम आता स्वयम पोर्टलवर जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत चालतात. ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे. ओआरसाठी आयआयटी मद्रासच्या प्रा. जी. श्रीनिवासन यांची व्याख्यानं पुष्कळांना ठाऊक असतात आणि ती खरोखरच चांगली आहेत: एक उदाहरण घ्यायचं, फळ्यावर शेवटपर्यंत सोडवायचं, मगच सिद्धांत. जुनी ध्वनिचित्रं यूट्यूबवर कायम असतात, त्यामुळे सत्र सुरू होण्याची वाट बघायची गरज नाही. सत्राला नाव घालायचं ते गृहपाठाच्या मुदतींसाठी आणि परीक्षेसाठी.

इथे पहिली अडचण येते. अभ्यासक्रमात सामील होणं आणि परीक्षेची नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली फुकट, दुसरीचा फॉर्म वेगळा, मुदत वेगळी आणि शुल्क वेगळं. मी भरलं तेव्हा ते एका विषयाला १,००० रुपये होतं. प्रमाणपत्र नको असेल तर ते भरूच नका, शिकण्यात काही कमी होत नाही. फॉर्ममध्ये नाव जसं टाइप कराल तसंच प्रमाणपत्रावर छापलं जातं, म्हणून ते ओळखपत्राशी जुळवून घ्या.

गुणांचं गणित आधीच समजून घ्यावं. १२ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम ८ गृहपाठांच्या सरासरीला २५ गुण, परीक्षेला ७५. उत्तीर्ण होण्यासाठी गृहपाठात २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० असे दोन्हीकडे वेगवेगळे गुण लागतात. गृहपाठात २२ आणि परीक्षेत २८ अशी बेरीज ५० झाली तरी प्रमाणपत्र मिळत नाही. उलट २० आणि ४० मिळून ६० झाले की प्रमाणपत्रावर ‘एलिट’ शेरा. ७५ ला रुपेरी, ९० ला सोनेरी. चार गृहपाठ सुटले तरी चालतात हे कळलं की पुष्कळजण शेवटचे चार सोडतात. नेमके त्याच आठवड्यांत अवघड प्रकरणं असतात आणि परीक्षेत ती येतातच. सोडायचेच तर सुरुवातीचे, आलेख काढून सोडवायचे सोडा. महाराष्ट्र बोर्डाच्या बारावी वाणिज्य शाखेच्या गणितात लिनिअर प्रोग्रॅमिंग (सरळ रेषेच्या बंधनांत राहून नफा कमाल किंवा खर्च किमान करणं), असाइनमेंट (कोणतं काम कुणाला) आणि सिक्वेन्सिंग (कामांचा क्रम) आधीच आहे. तो भाग ज्यांचा झालाय त्यांना पहिले दोन आठवडे उजळणीच वाटतील.

गणित आधी की ओआर आधी? माझं मत स्पष्ट आहे: ओआर आधी. समस्या मांडायला, म्हणजे चल कोणते, बंधनं कोणती, उद्दिष्ट काय हे लिहायला मॅट्रिक्स लागत नाही. सिम्प्लेक्सचा, म्हणजे फेरीफेरीने अधिक चांगल्या उत्तराकडे नेणाऱ्या पद्धतीचा, तक्ता सुरू झाला की लागतं. त्या टप्प्यावर थांबून एमआयटीच्या गिल्बर्ट स्ट्रँग यांच्या १८.०६ या लिनिअर अल्जिब्राच्या अभ्यासक्रमाकडे वळावं. व्याख्यानं ३४ आहेत, पण लिनिअर प्रोग्रॅमिंगपुरती पहिली दहा आणि बारावं पुरे. दुसऱ्यातलं एलिमिनेशन म्हणजेच तक्त्यातली पिव्होट क्रिया. सातव्यातले पिव्होट चल आणि मुक्त चल म्हणजे ओआरमधले बेसिक (समीकरणांतून किंमत निघते ते) आणि नॉन-बेसिक (शून्य धरलेले). बारावं व्याख्यान नेटवर्कच्या मॅट्रिक्सवर आहे आणि ओआरवाल्याने ते चुकवू नये: त्या मॅट्रिक्सचा एक स्तंभ (ओआरच्या मांडणीत ओळ) नेहमी फालतू असतो, बाकीच्यांवरून निघतो. ट्रान्सपोर्टेशनच्या, म्हणजे गोदामांतून बाजारांत कमीत कमी खर्चात माल पोचवण्याच्या, समस्येत ३ गोदामं आणि ४ बाजार असले तर बेसिक चौकटी ७ नाहीत, ६ असतात, त्याचं कारण हेच. वर्गात हे ‘बेरीज वजा एक’ असं सूत्र म्हणून पाठ करून घेतात.

ओपनकोर्सवेअरवर नाव नोंदवायचं नाही आणि मुदत नाही, म्हणून गृहपाठ मागे पडतो. उत्तरांची फाइल शेजारीच असते. प्रश्न कागदावर पूर्ण सुटेपर्यंत किंवा अर्धा तास पूर्ण अडेपर्यंत ती उघडायची नाही, एवढा नियम पुरतो.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक प्रकरणाचं एक छोटं उदाहरण कागदावर आणि यंत्रावर, दोन्हीकडे सोडवायचं आणि आकडे जुळेपर्यंत सोडायचं नाही. फरसाणवाल्याचं उदाहरण घेऊ. रोज च किलो चिवडा आणि श किलो शेव करायची. नफा किलोमागे चिवड्याला ६० रुपये, शेवेला ५०. पॅकिंग दिवसाला ५० किलोपर्यंतच होतं. भट्टी ८ तास, म्हणजे ४८० मिनिटं चालते; चिवड्याला किलोमागे १२ मिनिटं लागतात, शेवेला ६. भट्टीच्या बंधनाला ६ ने भागलं की २च + श हे ८० पेक्षा जास्त नको, असं सुटसुटीत होतं.

तक्त्यात पहिल्या फेरीत चिवडा आत येतो, कारण ६० मोठा. गुणोत्तरं (बंधनाची मर्यादा भागिले किलोमागचा वापर) ५०/१ आणि ८०/२. लहान ४०, म्हणून भट्टीची ओळ बाहेर. दुसऱ्या फेरीत शेवेचा निव्वळ फायदा ५० वजा ३०, म्हणजे २०. ती आत येते, गुणोत्तरं ८० आणि २०, आणि उत्तर मिळतं: चिवडा ३० किलो, शेव २०, नफा २,८०० रुपये. शेवटच्या ओळीत बंधनांच्या शिल्लक चलांखाली (न वापरलेलं पॅकिंग आणि न वापरलेली भट्टी मोजणारे चल) ४० आणि १० दिसतात. या शॅडो प्राइस, म्हणजे बंधनाची मर्यादा एकाने वाढवली तर नफा किती वाढेल ते आकडे. पडताळा: ५० गुणिले ४० अधिक ८० गुणिले १०, पुन्हा २,८००.

चिन्हांचा घोळ इथेच होतो. काही प्राध्यापक शेवटच्या ओळीत नफ्यातून खर्च वजा करतात, काही उलट. पहिल्या रीतीत सर्वांत मोठा धन आकडा आत येतो, दुसऱ्या रीतीत सर्वांत मोठा ऋण. व्याख्यान एकाचं आणि गृहपाठ दुसऱ्याचा असला की बरोबर सोडवूनही उत्तर उलटं वाटतं. वहीच्या पहिल्या पानावर आपली रीत लिहून ठेवा आणि बाकी सगळं तिच्यात बदलून घ्या.

यंत्रावर पायथनच्या सायपाय या संचातलं लिनप्रोग सर्वांत सोपं, ब्राउझरमधल्या गूगल कोलॅबवर चालतं, काही बसवावं लागत नाही. पण ते फक्त किमान काढतं, म्हणून -६० आणि -५० द्यावे लागतात. उत्तर -२८०० येतं आणि शॅडो प्राइस -४० आणि -१०. ‘पेक्षा कमी नको’ असलेलं बंधन -१ ने गुणून द्यायचं. लिनप्रोग चल शून्यापासून वर धरतं. पायथनमधलं दुसरं साधन, पल्प, मात्र खालची मर्यादा स्वतः सांगितल्याशिवाय चल ऋणही होऊ देतं. पल्पमध्ये नफा अमर्याद आला तर आधी हेच तपासा. एक्सेलचा सॉल्व्हर वापरणाऱ्यांनी यादीतून सिम्प्लेक्स एलपी निवडावं. मूळची निवड जीआरजी नॉनलिनिअर असते आणि तिच्या अहवालात शॅडो प्राइसऐवजी लग्रांज मल्टिप्लायर असं लिहून येतं. शिवाय एक्सेलच्या सॉल्व्हरमध्ये २०० च्या वर चल चालत नाहीत.

शॅडो प्राइसचा अर्थ लावताना एकक विसरू नका. आपण भट्टीच्या बंधनाला ६ ने भागलं होतं, म्हणून १० रुपये हे ६ मिनिटांचे, तासाचे १००. भट्टी एक तास जादा चालवायचा खर्च १०० च्या आत असेल तर चालवावी, पण ५ ते १० तासांच्या पट्ट्यातच. त्याबाहेर हा भाव लागू नाही. पॅकिंगचा ४० रुपयांचा भाव ४० ते ८० किलोंच्या दरम्यान खरा. परीक्षेत या पट्ट्यांवर हमखास प्रश्न असतो आणि त्यासाठी तक्ता लागत नाही: दोन्ही बंधनं समीकरणं मानून सोडवा, च आणि श शून्याखाली कधी जातात ते बघा.

हेच उदाहरण जरा मोडून बघण्यात खरं शिक्षण आहे. पॅकिंग ५० ऐवजी ४० किलो करा. पहिल्याच फेरीत दोन्ही गुणोत्तरं ४० येतात, बरोबरी होते. याला डिजेनरसी म्हणतात. उत्तर ४० किलो चिवडा, नफा २,४००, यात वाद नाही. पण पॅकिंगची शॅडो प्राइस कुणी ४० सांगेल, कुणी ६०, आणि दोघं बरोबर असतील: एक किलो वाढवलं तर ४० रुपये वाढतात, एक किलो कमी केलं तर ६० घटतात. आता पॅकिंग परत ५० करा आणि शेवेचा नफाही ६० करा. ३० किलो चिवडा-२० किलो शेव, नुसती ५० किलो शेव आणि त्यांच्या मधलं कोणतंही मिश्रण, सगळ्यांना ३,०००. कागदावरचं आणि यंत्राचं मिश्रण वेगळं आलं म्हणून घाबरू नका, नफा जुळतोय का ते पाहा. सिम्प्लेक्स कोपऱ्यावर थांबतं. आयआयटी मुंबईत शिकलेल्या नरेंद्र करमरकरांनी १९८४ मध्ये बेल लॅब्जमध्ये असताना मांडलेली पद्धत आणि तिच्यावरून पुढे वाढलेल्या अंतर्बिंदू पद्धती कोपऱ्यांऐवजी आतून चालत येतात आणि क्रॉसओव्हर (शेवटी उत्तर कोपऱ्यावर नेणं) केला नाही तर अशा वेळी कडेच्या मधोमध थांबू शकतात.

रांगांच्या सिद्धांताआधी प्रोबॅबिलिटी हवी. एमआयटीच्या जॉन त्सित्सिक्लिस यांचा ६.०४१ हा अभ्यासक्रम यासाठी उत्तम; पॉइसाँ प्रक्रिया आणि मार्कोव्ह साखळी यांवरची व्याख्यानं तर दोनदा ऐकावीत अशी. रांगेची सूत्रं सोपी असतात, चूक एककांत होते. तासाला १० गिऱ्हाइकं येतात आणि खिडकी तासाला १२ जणांचं काम करते, तर सरासरी ५ जण खिडकीपाशी असतात आणि प्रत्येकाचे ३० मिनिटं जातात. खिडकीचा वेग १५ केला की २ जण आणि १२ मिनिटं. प्रश्नात ‘एकाला ५ मिनिटं लागतात’ असं दिलं असेल तर आधी तासाचा दर काढा; मिनिटं आणि तास मिसळले की उत्तर साठपट चुकतं. येणाऱ्यांचा दर खिडकीच्या दराइतका किंवा जास्त असेल तर सूत्र वापरायचंच नाही, रांग वाढतच जाते.

पूर्णांकी प्रोग्रॅमिंगमध्ये (जिथे चल पूर्ण संख्याच हवेत) हाताने ब्रँच अँड बाउंड, म्हणजे शक्यता फांद्यांत विभागून निरुपयोगी फांद्या छाटणं, दोन-तीन चलांपर्यंतच करावं, पुढे सॉल्व्हर. इथला नेहमीचा खड्डा ‘बिग एम’चा. गोदाम उघडलं तरच माल जाईल, हे सांगायला मालाची मर्यादा एक मोठा आकडा गुणिले शून्य-किंवा-एक चल अशी लिहितात. आळसाने तो आकडा एक कोटी ठेवला, तर सॉल्व्हर एकाच्या दहा लाखाव्या भागाइतकी चूक शून्य मानतो आणि गोदाम न उघडताच १० नग निघून जातात. आकडा गोदामाच्या खऱ्या क्षमतेइतकाच ठेवा. गणितही लवकर सुटतं.

परीक्षा तीन तासांची, नेमलेल्या केंद्रावर जाऊन द्यायची. हॉल तिकीट छापून न्यायचं, मूळ ओळखपत्र बरोबर ठेवायचं. आकडी उत्तरांत शेवटपर्यंत अपूर्णांक ठेवा आणि दशांश शेवटच्या ओळीतच काढा, नाहीतर मान्य पट्ट्याच्या जराशा बाहेर पडून गुण जातात.

त्यापुढे सिद्धतांसकट शिकायचं असेल तर एमआयटीच्याच दिमित्रिस बर्टसिमस यांच्या ६.२५१ या अभ्यासक्रमाची टिपणं ओपनकोर्सवेअरवर आहेत. कॉन्व्हेक्स ऑप्टिमायझेशनकडे (सरळ रेषेपलीकडच्या, वाटीच्या आकाराच्या फलांचं किमान काढण्याकडे) जायचं तर स्टॅनफर्डच्या स्टीफन बॉइड यांची व्याख्यानं आणि त्यांचं पुस्तकही मोफत मिळतं. पण त्याआधी १८.०६ ची उरलेली व्याख्यानं पुरी करा, निदान पॉझिटिव्ह डेफिनिट मॅट्रिक्सवरचं सत्ताविसावं तरी. त्याशिवाय बॉइड यांचा दुसरा-तिसरा तास डोक्यावरून जातो.