तुम्ही विचारलंत म्हणून: सगळी कामं यंत्रांनी केली, तर माणसं काय करतील?

पोटासाठी कुणालाच राबावं लागत नाही, अशा समाजाविषयी मी बोलू लागले की हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर अर्धंअधिक तयार असतं: माणसं ऐतखाऊ होतील, व्यसनांत बुडतील, रिकामा वेळ त्यांना खायला उठेल. ही भीती मला खोटी वाटत नाही. ती कुठून येते हे नीट पाहिलं, तर असा समाज कसा उभारायचा आणि कसा उभारायचा नाही, हे दोन्ही कळू लागतं.

स्वप्न फार जुनं आहे. अ‍ॅरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’मध्ये म्हटलं होतं, की मागावरचे धोटे आपोआप विणू लागले आणि तंतुवाद्यं आपोआप वाजू लागली, तर कारागिरांना मदतनीस लागणार नाहीत आणि मालकांना गुलाम. त्या काळच्या सुखवस्तू ग्रीक नागरिकाला सभेला आणि तत्त्वचर्चेला वेळ होता, कारण त्याच्या घरात आणि खाणीत दुसरं कुणी राबत होतं. निवांतपणाचे गोडवे गाणाऱ्या बहुतेक समाजांच्या तळाशी असेच हात सापडतात. मला या कल्पनेची ओढ आहे ती यामुळेच. कुणाच्याही पाठीवर न बसता सगळ्यांना मोकळीक मिळू शकेल, असं म्हणण्याइतपत साधनं आता आपल्या हातात येऊ लागली आहेत.

नुसत्या साधनांनी ते होत नाही, हेही आपण पाहिलं आहे. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३० साली भाकीत केलं, की शंभर वर्षांनी आठवड्याला पंधरा तास काम पुरेल. ती मुदत भरत आली. श्रीमंत देशांची समृद्धी त्यांच्या अंदाजाइतकी वाढली, कामाचे तास मात्र तेवढे उतरले नाहीत. घरातही तेच. रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार विदुषींनी १९८३च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिलं, की अमेरिकी घरांत धुलाई यंत्रं आणि व्हॅक्युम क्लीनर आले तरी गृहिणीचे तास फारसे घटले नाहीत. स्वच्छतेच्या अपेक्षा वाढल्या, आणि पूर्वी जी कामं इतर जण वाटून घेत ती तिच्या एकटीवर आली. यंत्राने वाचवलेला वेळ कुणाच्या पदरात पडणार, हे यंत्र ठरवत नाही. मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या केलॉग कारखान्यात १९३०च्या मंदीत आठ तासांच्या तीन पाळ्या मोडून सहा तासांच्या चार पाळ्या केल्या, अधिक माणसांना काम मिळावं म्हणून. काही विभागांत ही पद्धत १९८५पर्यंत चालली. तिथे तसं ठरवलं, म्हणून झालं.

आता मूळ भीतीकडे येते. तिचं सगळ्यात स्पष्ट चित्र ऑस्ट्रियातल्या मारियनथालमध्ये दिसतं. एकाच कापडगिरणीवर जगणारं हे गाव. गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे पाहणी करून १९३३ साली ती प्रसिद्ध केली. लोकांकडे हवा तेवढा मोकळा वेळ होता. वाचनालयाने पुस्तकांचं शुल्क माफ केलं, तरी पुस्तकं नेणं जवळपास निम्म्यावर आलं. संशोधक खिडकीशी घड्याळ घेऊन बसले आणि रस्त्यावरच्या माणसांच्या चालीचा वेग मोजला. पुरुष रेंगाळत होते, पुन्हा पुन्हा थांबत होते. दिवसभरात काय केलं, हे त्यांना धड सांगता येईना.

हे वाचून पुष्कळ जण निष्कर्ष काढतात: बघा, माणसाला काम हवंच. मी त्याच पाहणीतल्या बायकांकडे बोट दाखवते. त्या पुरुषांपेक्षा भराभर चालत होत्या, वाटेत कमी थांबत होत्या. गिरणीतली त्यांची नोकरीही गेली होती. पण घरी मुलं होती, तुटपुंज्या भत्त्यात चूल पेटती ठेवायची होती, कपडे ठिगळं लावून टिकवायचे होते. कुणीतरी त्यांची वाट पाहत होतं. दारिद्र्य दोघांना सारखंच होतं. पुरुषांकडून मात्र कुणाची काही अपेक्षाच उरली नव्हती. बायकांच्या वाट्याचं ओझं मला गोड करून सांगायचं नाही, ते अन्यायाचंच होतं. पण माणसाला मोडतं ते काय, हे त्यातून कळतं. उद्याची शाश्वती नसणं आणि आपण कुणाला लागत नाही असं वाटणं, या दोन गोष्टी एकत्र आल्या की रिकामा वेळ विषारी होतो.

त्यामुळे माझ्या कल्पनेतल्या समाजाची पहिली अट शाश्वतीची. यंत्रं मूठभरांच्या मालकीची राहिली, तर उरलेल्यांच्या वाट्याला मारियनथालच येईल. यंत्रांच्या उत्पन्नात प्रत्येकाचा हिस्सा हवा, मेहेरबानी म्हणून दिलेला नव्हे, हक्काचा. हे अगदीच हवेतलं नाही. अलास्का राज्याने १९७६ साली तेलाच्या उत्पन्नातून कायमस्वरूपी निधी उभारला आणि १९८२पासून तिथल्या रहिवाशांना त्यातून दरवर्षी लाभांश मिळतो. रक्कम जगायला पुरेशी नाही, पण ती घेणाऱ्याला कुणी आळशी म्हणत नाही. तेलाच्या जागी स्वयंचलित कारखाने धरून पाहा.

दुसरी अट क्रमाची, आणि या बाबतीत मी हट्टी आहे. यंत्रांनी आधी कोणती कामं उचलायची? सध्या नफा जिथे आधी दिसतो तिथे ती जातात. म्हणून चित्रं काढणारी आणि मजकूर लिहिणारी यंत्रं आली, तरी गटारात, खाणीत, जहाजं तोडण्याच्या किनाऱ्यावर माणसं अजून जीव धोक्यात घालून उतरतातच. माझ्या समाजात यादी उलटी असेल. जे काम माणसाची फुप्फुसं, कंबर, डोळे खातं, ते आधी जाईल. गाणं, शिकवणं, सुतारकाम, बाग ज्यांना हवी त्यांच्याकडे राहील, यंत्र ते अधिक झटपट करत असलं तरीही. झटपट होणं हा तिथे निकषच नसेल.

आणि मग उरतं ते माणसांनी माणसांसाठी करायचं. तान्ह्या बाळाला घेऊन रात्र काढणं, म्हाताऱ्या माणसाची तीच गोष्ट पुन्हा ऐकणं, मरणाऱ्याजवळ बसणं. यंत्र औषधाची वेळ सांभाळेल, कूस बदलून देईल, आणि द्यावीच. काळजी घेणाऱ्यांच्या पाठी त्या कामात मोडतात. सोबत मात्र माणसाचीच हवी. आज हे काम फुकट किंवा कवडीमोलानं होतं, बहुतांशी बायकांकडून. सगळ्यांच्या हाती वेळ आल्यावर ते सगळ्यांत वाटता येईल. ‘माणसं काय करतील?’ या प्रश्नाचं माझं उत्तर पुष्कळसं इथे आहे. एकमेकांना लागतील.

काही जण यावर विचारतात, की नावडती कामं थोडी तरी उरतीलच, ती कुणी करायची? उरतील. बंद पडलेलं यंत्र भर पावसात उघडावं लागेल, तुंबलेलं काहीतरी मोकळं करावं लागेल. इस्रायलच्या किबुट्झ वसाहतींत सामायिक भोजनगृहाचं काम सभासद पाळीपाळीने करत, तशी पाळी लावता येईल. ही सक्तीच झाली, हे मला मान्य आहे. महिन्यातले थोडे तास, मंत्र्यालाही आणि कवीलाही, आणि पैसे देऊन दुसऱ्याला आपल्या जागी पाठवायची मुभा कुणालाच नाही.