पिकअप गेला, पण कुठे?

गाडी नव्वदच्या दशकातली. दोन सीटची, 1.6 लिटरची, टर्बो नाही. "पिकअप गेलाय," एवढीच मालकांची तक्रार. इंजिन खोलावं लागेल असं आधीच कुणीतरी सांगून ठेवलेलं, त्यामुळे चेहरा उतरलेला. अशा वेळी मी आधी विचारतो, रोज कोणती गाडी चालवता? यांची रोजची गाडी टर्बो डिझेल. तिचा जोर 2000 आरपीएमलाच (इंजिनचे मिनिटाला फेरे) मिळतो. या जुन्या इंजिनाला 6000 च्या आसपास नेल्याशिवाय ते खुलतच नाही. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

ही मिटली नाही. मी स्वतः चालवून पाहिली. तिसऱ्या गिअरमध्ये 4000 पर्यंत छान ओढत होती, पुढे नुसता आवाज. क्लच घसरत असता तर काटा वर पळाला असता आणि वेग मागे राहिला असता, तसं नव्हतं. न्यूट्रलला टाकल्यावर लांबवर मोकळी जात होती, म्हणजे ब्रेक धरलेला नव्हता.

पिस्टनच्या रिंगा झिजलेलं इंजिन सहसा सगळीकडेच मरगळतं. खालून ओढून वर दम टाकणारी गाडी आली की मी हवा, पेट्रोल नाहीतर सायलेन्सर यांपैकी काय अडतंय ते शोधतो. इनटेकला, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या वाटेला, ओढ मोजणारं व्हॅक्यूम गेज लावलं. आयडलला काटा 19 इंचांवर स्थिर, म्हणजे ठीक. 2500 वर रेस धरून ठेवली. सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबलेला असता तर काटा हळूहळू खाली उतरला असता. तो जागचा हलला नाही. पेट्रोलचं प्रेशर ठीक, ठिणगीचं टायमिंग ठीक.

मग मालकांच्या समाधानासाठी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजणं. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, पंपाचा फ्यूज काढलेला. या टेस्टला थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप, पूर्ण उघडा लागतो, नाहीतर हवा पुरत नाही आणि आकडे उगाच कमी येतात. हवेचा पाइप काढला आणि पोऱ्याला ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायला सांगितलं.

"दाबलाय की!"

टॉर्च मारून थ्रॉटल बॉडीत पाहिलं. आतली चकती हवेच्या वाटेत सरळ व्हायला हवी, ती तिरकीच उभी. बोटाने लिव्हर ढकललं तर आणखी बरंच फिरलं.

पेडलखाली नवीकोरी जाड मॅट, आणि वर केबल ढिली. इंजिनला पूर्ण श्वास मिळतच नव्हता. कमी आरपीएमला तेवढी हवा पुरते, म्हणून खाली काही जाणवत नव्हतं.

कॉम्प्रेशन तरीही घेतलं, थ्रॉटल हाताने उघडून: 175, 178, 172, 176 पीएसआय. आकड्यांपेक्षा त्यांचं एकमेकांशी जुळणं मला जास्त आवडलं. एवढ्या वयाला हे उत्तमच. मॅट काढली, केबल ताणली. दुसऱ्या चकरेत गाडी 4000 नंतरही सुटत गेली.

मालकांना आता डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या मशीनवर, पॉवर मोजून हवी होती. मोजा म्हटलं, पण कॅटलॉगमधला आकडा इंजिनचा असतो आणि डायनो चाकांवरचा दाखवतो. मधल्या गिअरबॉक्स-डिफरन्शियलमध्ये ढोबळमानाने 15 टक्के जातात. तेवढे कमी दिसले म्हणून इंजिन खोलायला घेऊ नका.