जंताची गोळी घेण्याआधी

पोट दुखलं, मूल रात्री दात खायला लागलं, की घरात लगेच जंताची गोळी निघते. दात खाणं हा जंतांचा पुरावा नाही. शौचात दिसलेला पांढरा धागाही पुष्कळदा आव किंवा भाजीचा तंतू असतो.

आधी शौचाची तपासणी करा. जंतांची अंडी शौचात रोज पडत नाहीत, म्हणून वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने द्यावेत. रात्री गुदद्वाराशी खाज येत असेल, तर सकाळी धुण्याआधी तिथे पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती तपासायला न्या. अशी खाज आणणारे सूतकृमी (दोऱ्यासारखे बारीक जंत) शौचाच्या तपासणीत सहसा सापडतच नाहीत. त्यांच्यावरचा डोस दोन आठवड्यांनी पुन्हा लागतो, कारण औषधाने अंडी मरत नाहीत. घरातल्या सगळ्यांवर एकदम उपचार केले नाहीत, तर ते परत होतात.

शाळा-अंगणवाडीत मिळणारी अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एकच गोळी (एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, चुरून) गोलकृमीसाठी (गांडुळासारखे लांब, गोल जंत) पुरते. मात्र झटके येत असतील किंवा सतत डोकं दुखत असेल, तर ती स्वतःहून अजिबात घेऊ नका. मेंदूत फीतकृमीच्या (फितीसारख्या चपट्या जंताच्या) गाठी असल्या तर औषधाने त्यांच्याभोवती सूज वाढून झटका येऊ शकतो. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतही ती टाळतात.