नाही, पैसे परत द्यावे लागले नाहीत

कॅन्सरमध्ये आयुर्विम्याची निम्मी रक्कम मी जिवंतपणीच घेतली; आता जगलो, तर ती परत द्यावी लागली का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नाही, विमा कंपनीने पैसे परत मागितले नाहीत. क्लेमच्या वेळचं डॉक्टरांचं मत प्रामाणिक असलं की झालं. पुढे माणूस जगला तर तो त्याचा गुन्हा धरत नाहीत. 'पण आता छान दिसता की!' यातला सूर मला कळतो बरं का.

पॉलिसीवर कर्ज का नाही काढलं? टर्म पॉलिसी होती, म्हणजे एरवी मृत्यूनंतरच पैसे देणारी. तिला सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे मध्येच मोडली तर हाती येणारी रक्कम, नसतेच; कर्ज कशावर देणार? सोय एकच होती: 12 महिन्यांच्या आत मृत्यू संभवतो असं डॉक्टरांनी लिहून दिलं तर निम्मी रक्कम आधी, उरलेली माझ्यामागे नॉमिनीला.

फॉर्मवरच्या त्या रकान्यापाशी डॉक्टर थांबले. "माझा अंदाज तेवढाच आहे. पण नवं औषध लागू पडलं तर जास्तही निघतील." एरवी या वाक्यासाठी मी त्यांचे पाय धरले असते. त्या दिवशी म्हणालो, "स्कॅन परत बघा ना. यकृतातही पसरलाय." स्वतःच्या मरणाची वकिली करत होतो मी. बायको शेजारी पर्सची चेन उघडत होती, लावत होती. रिपोर्ट वाईटच यावा असं आदल्या रात्री मला वाटलं होतं, हे तिला अजून सांगितलेलं नाही. डॉक्टरांनी लिहिलं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "झालं?" मी "झालं" म्हणालो, परीक्षा पास झाल्यासारखा.

त्या पैशातून तेच औषध आणलं. ते लागू पडलं.

पॉलिसी घेताना मीच ऐटीत म्हणालो होतो, हा पैसा तिचा, मी नसतानाचा. माझ्यातला तो शहाणा आता मलाच विचारतो, तिच्या वाट्याचं खाल्लंस ना? खाल्लं. ती म्हणते, "मला तुम्ही हवे होतात." तरी रक्कम निम्मीच उरते, आणि मला नवा विमा कोण देणार?

अमेरिकेत जॉन बर्चर्ड नावाच्या माणसाने शस्त्रक्रियेसाठी आपली पॉलिसी एका डॉक्टरलाच 100 डॉलरला विकली होती. पॉलिसी ही मालमत्ता आहे, ती विकता येते, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1911 मध्ये दिला. वाचून बरं वाटलं. मग लक्षात आलं, जिंकला तो डॉक्टर. बर्चर्ड तोवर गेला होता.

उरलेल्या निम्म्याचा हप्ता चालू आहे. परवा तिनेच आठवण केली, तारीख उलटू देऊ नका म्हणून.