वाकलेली स्प्रिंग आणि न काढलेला नट

घरीच गाडीचं काम करताना स्प्रिंग वाकली म्हणून एका पोराचा फोन आला, तेव्हा मी पहिलं विचारलं ते एवढंच : "वरचा मधला नट काढलायस का?"

"नाही काका, त्याला अजून पानासुद्धा लावला नाही."

"मग आता लावूही नकोस. घरातल्यांना आत घे, आणि स्प्रिंगच्या दोन्ही टोकांसमोर कुणी उभं राहायचं नाही. मी येतो."

साताऱ्यातल्या करंजे भागातलं घर. अंगणात छोटी हॅचबॅक, यवतेश्वर घाट चढून कासच्या रस्त्यावर पावसाळाभर फिरणारी. पुढचा डावा शॉकअप (धक्के शोषणारी तेलाची नळी) तेल सोडत होता आणि त्याच बाजूची स्प्रिंग सगळ्यात खालच्या वेढ्याला तुटली होती. स्प्रिंग बहुधा तिथेच तुटते. खालच्या बशीत चिखल साचतो, दगड लागून रंग उडतो, गंज धरतो आणि त्या बारीक खड्ड्यातूनच चीर सुरू होते. पोरानं दोन्ही बाजू एकदम बदलायचं ठरवलं होतं, ते योग्यच. एका एक्सलवर एक शॉकअप नवा आणि एक जुना ठेवला तर ब्रेक मारताना आणि वळणावर गाडी दोन्ही बाजूंना वेगवेगळी वागते.

घोळ झाला होता उजव्या, धडधाकट स्प्रिंगवर. स्ट्रट, म्हणजे शॉकअप आणि त्यावरची स्प्रिंग असा अख्खा जोड, काढून जमिनीवर आडवा टाकलेला, त्यावर स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कंप्रेसरचे दोन दांडे. स्ट्रट आडवा असला की खालच्या अंगाला हात पोचत नाही, त्यामुळे दोन्ही हुक वरच्याच अंगाला, जवळजवळ बसवलेले. एक दांडा इम्पॅक्ट गननं भराभर आवळला, दुसरा मागे राहिला. स्प्रिंग केळ्यासारखी वाकली. वेढा मुळात उतरता असतो. हुकाला पिन लावलेली नसल्यामुळे एक हुक त्या उतारावरून सरकत दुसऱ्याजवळ आला होता.

अशा गाडीत पुढच्या एका चाकावर साधारण २५० ते ३०० किलो भार येतो आणि तो भार स्प्रिंग पेलते. गाडी उचलून चाक लोंबकळत ठेवलं तरी स्प्रिंग मोकळी होत नाही, बशी आणि वरच्या माउंटिंगमध्ये ती दाबलेलीच राहते. तिला तिथे धरून ठेवतो तो फक्त पिस्टन रॉडवरचा मधला नट. स्प्रिंग न दाबता तो काढला तर माउंटिंग आणि स्प्रिंग मिळून समोरच्या माणसाचा जबडा फोडतात. इथे नट जागेवर होता, म्हणून हुक निसटले असते तरी स्प्रिंग स्ट्रटच्या बाहेर गेली नसती. धोका उरला होता तो लोखंडी हुक उडण्याचा.

पण स्ट्रटच्या आधी मी गाडीकडे वळलो. ती नुसत्या जॅकवर होती, तीही पेव्हर ब्लॉकवर. मागच्या चाकांना दोन्ही अंगांनी दगड लावले, जॅकखाली जाड फळी घेतली, जॅकिंग पॉइंटखाली दोन घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी आधार) सरकवल्या आणि गाडी त्यांच्यावर टेकवून हलवून पाहिली. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. त्याचं सील गेलं की गाडी खाली येते, आधी कळवत नाही.

मग स्ट्रट. वेढ्यांमधून आणि खालच्या ब्रॅकेटमधून जाड साखळी फिरवून बोल्टनं बंद केली. वर गोणपाटाच्या चार घड्या टाकल्या. एक टोक रिकाम्या भिंतीकडे, दुसऱ्या टोकासमोर कुणी नाही, आणि मी बाजूला बसून लांब एक्स्टेंशननं काम करत होतो. आधी जास्त ताणलेला दांडा अर्धा फेरा सैल करायचा, कारण स्प्रिंग त्याच बाजूला आखडलेली असते. ती थोडी सरळ झाली की दुसरा दांडा अर्धा फेरा. असं आलटून पालटून करत वरच्या बशीनं भार घेतला आणि हुक हातानं हलायला लागले. इथे गन चालत नाही. दांडा अडतोय की सुटतोय हे मनगटालाच कळतं.

नंतर तोच स्ट्रट व्हाइसमध्ये ब्रॅकेटला धरला. नळी व्हाइसमध्ये आवळायची नाही, ती चेपली की आतला पिस्टन घासतो. दांड्यांच्या आट्यांना ग्रीस लावलं, दोन्ही हुक बरोबर समोरासमोर, दोन्हीकडे सारखेच आणि जास्तीत जास्त वेढे पकडतील असे बसवले, पिना लावल्या. एका बाजूला दोन फेरे, मग दुसऱ्या बाजूला दोन. माउंटिंग हातानं सहज फिरलं की थांबायचं, त्यापुढे दाबण्यात नुसता धोका वाढतो. वरच्या बाजूची दिशा खडूनं खुणावून ठेवली. मगच मधला नट : रॉड एलन कीनं धरायचा, नट वाकड्या रिंग पान्यानं फिरवायचा, तोंड बाजूला. रॉडला पकड लावायची नाही. क्रोमवर एक ओरखडा उठला तरी नवा शॉकअप काही दिवसांत सील कापून तेल सोडतो.

नवा शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून सोडला, म्हणजे आडवा पडून आत शिरलेली हवा निघते. पैसे वाचवायला लोक बंप स्टॉप (रॉडवरचं धक्का झेलणारं रबर), धूळ-कव्हर आणि माउंटिंगचं बेअरिंग जुनंच ठेवतात. ते मला पटत नाही : बंप स्टॉपचा चुरा झालेला असेल तर नवा शॉकअप मोठ्या खड्ड्यात आतून आपटून मरतो, आणि बेअरिंग खरखरत असेल तर स्टिअरिंग वळवताना स्प्रिंग टणकन उडी मारते. स्प्रिंगचं टोक बशीतल्या पायरीला टेकलंय याची बोटानं नव्हे, बॅटरीच्या उजेडात खात्री केली; दाबलेल्या वेढ्यांत बोट घालायचं नसतं. मग दांडे आलटून पालटून सोडले.

गाडीवर एक गोष्ट त्यानं नीट केली होती. नकल, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, तारेनं बांधून ठेवला होता. तो बाहेर कलंडला तर ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर ताणली जाते, एक्सलचा आतला जॉइंटही निसटतो. स्ट्रट चढवताना वरचे तीन नट आधी हातानं लावले, मग नकलचे दोन बोल्ट. त्यांचे लॉक नट नवे घेतले, कारण एकदा काढलेल्या नटाची पकड कमी होते. मॅन्युअलमधला आकडा लावून टॉर्क पान्यानं आवळले. डावी बाजू त्यानं स्वतः केली, मी शेजारी उभा राहिलो.

मागचे शॉकअप पुढच्या रविवारी करायचे ठरले. तिथे स्प्रिंग वेगळी बसते, कंप्रेसर लागत नाही : दोन्ही मागची चाकं जोडणाऱ्या आडव्या बीमखाली जॅक टेकवायचा, दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढायचे आणि ब्रेकच्या पाइपकडे लक्ष ठेवत बीम हळूहळू उतरवायचा. स्प्रिंग हातात येते. बुशचे (सांध्यातल्या रबराचे) बोल्ट मात्र चाकं जमिनीवर टेकल्यावरच शेवटचे आवळायचे, नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं.

संध्याकाळी गाडी हळू चालवत अलाइनमेंटला नेली. नकलचे बोल्ट एकदा सोडले की चाकाचा कोन बदलतो. तो मशीनवर पाहिल्याशिवाय घाटात जायचं नाही, असं त्याला बजावलं.