पांढरे ठिपके

नानांनी एमआरआयची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि विचारलं, "ह्या पांढऱ्या ठिपक्यांमुळंच विसरायला होतंय का गं?" म्हटलं, न्यूरॉलॉजिस्टना विचारा. तर म्हणाले, "मग तू मेंदूचंच करतीस ना?"

करते की. उत्तर देता आलं नाही, तेच सलतंय.

सांगण्यासारखं होतं ते सांगितलं. मिरजेला दाखवायला जाताना नुसती फिल्म नको, सीडीही न्या. जुना एमआरआय असेल तर तोही. बी-१२, थायरॉइड तपासून घ्या. चालू गोळ्यांची यादी न्या, झोपेच्या आणि सर्दीच्या धरून, त्यातल्या काहींनीही विसरायला होतं. पण एवढं एखाद्या जुन्या कंपाउंडरनंही सांगितलं असतं. त्याला पीएचडी कशाला?

माझा मेंदू उंदराचा, आणि त्यातलीही एका वेळी एकच पेशी. सकाळी बर्फगार सुक्रोजच्या द्रावणात ३०० मायक्रॉनच्या स्लाइस कापायच्या, ३४ अंशांवर अर्धा तास, मग खोलीच्या तापमानाला तासभर सावरू द्यायच्या. द्रावणात ९५ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड सतत बुडबुडता हवा. हा वायू सोडण्याआधीच कॅल्शियम घातलं तर सगळं गढूळ होतं, ओतून द्यावं लागतं. मग पेशीतली वीज मोजायला काचेची पिपेट, म्हणजे अतिबारीक टोकाची नळी, विद्युतरोध ४-५ मेगाओम. पेशीकडे नेताना आतून दाब हवा, नाहीतर वाटेतली घाण टोकाला बसते आणि सील लागतच नाही, म्हणजे टोक पेशीला घट्ट चिकटत नाही. पेशीवर खळगा उमटला की दाब सोडून तोंडानं हलकेच ओढायचं. रोध गिगाओमवर गेला, म्हणजे सील लागलं, की श्वास घ्यायचा. नेहर आणि साकमान या शास्त्रज्ञांना ह्याच तंत्रातल्या, पॅच-क्लॅम्पमधल्या, कामासाठी १९९१ चं नोबेल मिळालं. आमच्या स्लाइस सहा-आठ तासांत मरतात. तोवर उठायचं नाही; लग्न, बारसं, आईचा फोन... असो.

नानांच्या एमआरआयमधली एक स्लाइस साधारण ५ मिलिमीटरची, माझ्या सोळा तिच्यात मावतील. आणि ते ठिपके मेंदूच्या पांढऱ्या भागात, जिथं मुख्यतः तंतू असतात. माझ्या पेशी करड्या भागातल्या. म्हणजे नानांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं, जिथं मी कधी पिपेट नेलेलीच नाही.

ह्यासाठी नेटची परीक्षा द्यायची. दोन वर्षं जेआरएफचे (ज्युनियर फेलोशिप) महिना ३७ हजार, पुढं एसआरएफचे (सीनियर) ४२ हजार. पाच वर्षांत फेलोशिप संपते, थिसिस संपतोच असं नाही. नंतर पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, बहुधा परदेशात, वर्ष-दोन वर्षांच्या करारावर. इकडं बरोबरीच्या मुली सांगलीत विश्रामबागेत दवाखाने थाटून बसल्यात. त्या नानांना उत्तर देऊ शकतात.

देतील का पण? "वयोमानानुसार" एवढंच सांगतील, ते रिपोर्टातही छापलेलं आहे. ठिपके बरेच असले तरी काहींची स्मृती शाबूत असते. का, हे नक्की सांगणारं सध्या तरी कुणी नाही, दवाखान्यात नाही आणि लॅबमध्येही नाही. हे सुचल्यावर जरा बरं वाटलं. दुसऱ्याच्या अज्ञानावर आपण इतके खूश होतो हे काही शोभत नाही म्हणा.

राणी चन्नम्मा एक्स्प्रेसचं तिकीट अजून वेटिंगवर. लॅबमध्ये गेल्या गेल्या पिपेटमधलं द्रावण नव्यानं करायचंय: पीएच ७.३, ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) २९०, बाहेरच्या द्रावणापेक्षा जरा कमीच, जास्त झाली तर पेशी फुगते. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून, छोट्या नळ्यांत भरून उणे २० ला. फिल्टर शिल्लक आहेत का, ते लॅबमध्ये विचारून ठेवलं पाहिजे.